वाटणी झाली तरी विहीर सामाईक: क्रिप्टो लायब्ररीचा फोर्क दोघांनी कसा सांभाळावा

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दोघे मित्र मोबाईलवरून चालणारे मोटारपंपाचे स्टार्टर बनवतात. ईएसपी३२ बोर्ड, सोबत सिमकार्डाचा मोडेम, आणि सर्व्हरशी सुरक्षित, कूटबद्ध बोलायला टीएलएस. २०२२ मध्ये त्यांनी एम्बेड टीएलएस या छोट्या यंत्रांसाठीच्या क्रिप्टो लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती घेऊन त्यात आपले बदल केले, म्हणजे तिचा फोर्क, आपली वेगळी प्रत, केली. आज त्या बदलांचे ३७ पॅच झालेत आणि त्यातले निम्मे का टाकले ते दोघांनाही आठवत नाही. मूळ प्रकल्पाची २.२८ ही शाखा आता बंद पडली. हा फोर्क पुढे चालवावा का, चालवायचा तर गावातल्या लाईनवर आणि नेटवर कसा, आणि लायब्ररीचं नाव बदलावं लागेल का, अशी विचारणा आहे.

फोर्क चालवा, पण आज आहे तो नको. ३७ पॅचचे सहा-सात करा, आधी २.२८.१० वर या, मग ३.६ वर जा. बाकी सगळं उत्तर हे कसं करायचं त्याचंच आहे.

भावाभावांत वावराची वाटणी झाली की मधे धुरा पडतो, सातबारा वेगळा होतो, पण विहीर बहुतेक ठिकाणी सामाईकच राहते. फोर्कचंही तसंच आहे. तुमचा कोड वेगळा झाला म्हणून त्यातली भोकं वेगळी होत नाहीत. मार्च २०२२ मध्ये ओपनएसएसएल या दुसऱ्या टीएलएस लायब्ररीच्या मॉड्युलर वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनमध्ये अनंत लूप सापडला, सीव्हीई-२०२२-०७७८ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-चुकीला मिळणारा जाहीर नंबर). बनावट सर्टिफिकेट वाचायला दिलं की प्रोसेस तिथंच अडकून पडायची. तिचाच फोर्क असलेलं लिब्रेएसएसएल एप्रिल २०१४ मध्येच वेगळं झालं होतं, तरी तेच फंक्शन तिकडेही तसंच होतं आणि त्यांनाही त्याच सुमारास दुरुस्ती काढावी लागली. उलट नोव्हेंबर २०२२ ची प्युनीकोडची चूक, सीव्हीई-२०२२-३६०२, फक्त ओपनएसएसएल ३.० मध्ये नव्याने लिहिलेल्या कोडात होती, १.१.१ वर असलेल्यांना तिची झळ नव्हती. म्हणजे मूळ प्रकल्पाची प्रत्येक सूचना वाचून ‘हे आपल्याकडे आहे की नाही’ हे कोड उघडून ठरवावं लागतं. आवृत्तीचा आकडा पाहून ठरवणारा दोन्हीकडून फसतो.

त्याही आधी एक गोष्ट तपासा: तुमचा मूळ प्रकल्प नक्की कोणता? ईएसपी३२ बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी एम्बेड टीएलएसचा स्वतःचा फोर्क ठेवते. तुम्ही जर तिच्या एसडीकेसोबत (बोर्डाच्या साधनसंचासोबत) आलेला कोड बदलला असेल तर तुमचा फोर्क हा फोर्कचा फोर्क आहे, आणि त्यातले काही बदल तुमचे नसून कंपनीचे आहेत. गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनात मर्ज-बेस चालवून मूळ आणि एस्प्रेसिफच्या अशा दोन्ही झाडांशी तुमचा सामाईक कमिट (नोंदलेला बदल) कोणता ते काढा. हे न करता केलेली पॅचची मोजणी चुकीची निघते.

पॅचची मोजणी

फेरफार नोंदवहीत जशी प्रत्येक बदलाला नंबर, तारीख आणि कारण असतं तशी एक साधी फाईल रेपॉझिटरीतच ठेवा. प्रत्येक पॅचसाठी नंबर, कोणती फाईल, काय बिघडत होतं म्हणून टाकला, दुसऱ्याने तपासला का, मूळ प्रकल्पाला पाठवला का, आणि तो कधी काढता येईल. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ज्या पॅचला ‘कधी काढायचा’ याचं उत्तर नाही तो तणासारखा वाढतो.

ज्यांचं कारण आठवत नाही ते पॅच एकेक करून काढा, बिल्ड करा, चाचण्या चालवा. काही तुटलं तर कारण सापडलं, ते लिहा. काही तुटलं नाही तर पॅच गेला. पण क्रिप्टो कोडात ‘काही तुटलं नाही’ याचा भरवसा तुमच्या चाचण्यांइतकाच असतो, म्हणून आधी खाली दिलेल्या नकारात्मक चाचण्या लिहून घ्या, मग ही डवरणी करा. क्रम उलटा करू नका.

अशा छोट्या उपकरणांच्या फोर्कमध्ये पॅच साधारण चार जातींचे निघतात. बोर्डाशी जुळवून घेणारे, मेमरी वाचवणारे, कोणत्या तरी सर्व्हरच्या अडचणीवर उपाय म्हणून टाकलेले, आणि थेट गणिताच्या फाईलींना हात लावणारे. पहिल्या दोन जातींना लायब्ररीच्या कोडात राहायचं कारणच नाही. एम्बेड टीएलएसमध्ये वापरकर्त्याची वेगळी कॉन्फिग फाईल जोडायची सोय आहे. मूळ कॉन्फिगला हात न लावता आपली फाईल बाहेर ठेवता येते. यादृच्छिकतेचा हार्डवेअर स्रोत, वेळ देणारं फंक्शन, एईएस या कूटलेखनाचं हार्डवेअर, या सगळ्यांसाठी ‘ऑल्ट’ नावाने संपणारे मॅक्रो दिलेले आहेत. तुमचं फंक्शन तुमच्या फोल्डरमध्ये, लायब्ररी कोरी. एवढ्यानेच ३७ पैकी बरेचसे गळतील.

चौथ्या जातीबद्दल मत स्पष्ट आहे: मोठ्या संख्यांचं गणित, लंबवर्तुळी वक्र, आरएसए, पॅडिंग तपासणं आणि स्थिर-वेळ (गुप्त आकड्यानुसार लागणारा वेळ न बदलणारी) तुलना या फाईलींत तुमचा एकही पॅच नसावा. वेग हवा असेल तर दुसरा वक्र निवडा किंवा हार्डवेअर वापरा. तिथे कंपायलरची सूचना आली, व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाने कुरकुर केली, तरी हात लावण्याआधी मूळ प्रकल्पाला विचारा.

डेबियन या लिनक्स वितरणाचा प्रसंग यासाठीच लक्षात ठेवायचा. सप्टेंबर २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएल पॅकेजात दोन ओळी बंद केल्या गेल्या, कारण व्हॅलग्राइंड ‘न भरलेली मेमरी वापरली’ म्हणत होतं. त्यातली एक ओळ यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात बी (सीड, ज्यापासून पुढचे आकडे निघतात) मिसळणारी होती. ती गेल्यावर बी म्हणून उरला फक्त प्रोसेसचा नंबर, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका आकाराच्या जास्तीत जास्त ३२,७६८ चाव्या. मूळ ओपनएसएसएलमध्ये काहीच चूक नव्हती. चूक फक्त वेगळ्या झालेल्या प्रतीत होती. म्हणून मूळ प्रकल्पावर नजर ठेवणाऱ्या कोणालाही ती दिसली नाही, आणि १३ मे २००८ ला जाहीर होईपर्यंत सगळ्या चाचण्या हिरव्याच होत्या.

यादृच्छिकता

तुमच्या यंत्रात हीच जागा सर्वांत नाजूक आहे. ईएसपी३२ चं हार्डवेअर यादृच्छिक-संख्या जनित्र वायफाय किंवा ब्लूटूथचा रेडिओ चालू असतानाच खरी यादृच्छिकता देतं, असं चिपच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे. तुम्ही सिमचा मोडेम वापरता, बॅटरी वाचवायला वायफाय बंद ठेवत असाल, तर त्या रजिस्टरमधून येणारे आकडे चांगले दिसतील पण त्यांच्यावर चावी बेतता येणार नाही. रेडिओ बंद असताना बूटलोडरची अंतर्गत एन्ट्रॉपी चालू करणारं फंक्शन वापरावं लागतं. ते एडीसी (सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात मोजणारा भाग) वापरतं, त्यामुळे ओलाव्याचं किंवा करंटचं एडीसी मोजमाप सुरू करण्याआधी ते चालवून बंद करायचं. सुरुवातीला एकदाच चांगलं बी घेऊन सीटीआर-डीआरबीजी हे लायब्ररीतलं जनित्र पेरा. सोबत फ्लॅशमध्ये ३२ बाइटची बी-फाईल ठेवा आणि प्रत्येक बूटला वाचल्या-वाचल्या, वापरण्याआधी, नवी लिहा. लिहिण्याआधी लाईन गेली तर पुढच्या बूटला तेच बी पुन्हा वापरलं जाईल, म्हणून क्रम महत्त्वाचा.

चाचणी सोपी आहे. बोर्डाची लाईन पूर्ण काढून पुन्हा द्या, असं किमान शंभर वेळा करा, प्रत्येक वेळी जनित्राचे पहिले ३२ बाइट सिरियलवर छापा, शेवटी सगळ्या ओळी क्रमाने लावून दुबार ओळ शोधा. एकही दुबार आली तर तिथेच थांबा. दुबार न येणं हा पुरावा नव्हे, पण ढोबळ चूक एवढ्याने सापडते. एका स्टार्टरचा पूर्ण फ्लॅश दुसऱ्यात कॉपी करून विकायची सवय असेल तर बी-फाईल आणि उपकरणाची चावी दोन्ही कॉपी होतात. कारखान्यातली पायरी म्हणून त्या दोन्ही जागा पुसाव्याच लागतील.

वेळ आणि सर्टिफिकेट

‘सर्व्हरच्या अडचणी’ या जातीत हमखास एक पॅच निघतो: सर्टिफिकेटची मुदत न तपासणारा. कारण सगळ्यांना माहीत आहे. शेतीच्या फीडरची लाईन जाते, बॅकअप सेल संपलेला असतो, लाईन आली की घड्याळ १९७० मध्ये जागं होतं, मग सर्टिफिकेट ‘अजून सुरू झालेलं नाही’ म्हणून कनेक्शन नाकारलं जातं आणि शेतकऱ्याचा फोन येतो. त्यावर मुदतीची तपासणीच काढून टाकली जाते.

त्याऐवजी असं करा. फर्मवेअर बिल्ड झाल्याची तारीख आत भाजून ठेवा. त्याआधीची कोणतीही वेळ यंत्राने मानायची नाही. दर काही तासांनी शेवटची ठाऊक वेळ फ्लॅशमध्ये लिहा. बूटनंतर मोडेमकडून नेटवर्कची वेळ घ्या, ती बिल्डच्या आणि साठवलेल्या वेळेपेक्षा पुढे असेल तरच स्वीकारा, आणि वरच्या बाजूलाही मर्यादा घाला, नाहीतर एकदा आलेली २०८० ची वेळ फ्लॅशमध्ये बसून यंत्र कायमचं बाद होईल. टीएलएस जुळल्यावर स्वतःच्या सर्व्हरकडून वेळ पुन्हा ताडून घ्या.

पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात घड्याळ चुकेल याची भीती अनेकांना वाटते, ती अनाठायी आहे. ३२.७६८ किलोहर्ट्झचा नेहमीचा क्रिस्टल २५ अंशांपासून जितका दूर जाईल त्याच्या वर्गाच्या पटीत, साधारण ०.०३४ पीपीएम (दहा लाखांतला भाग) दराने मागे पडतो. पेटीत ६५ अंश झाले तरी ५४ पीपीएम, म्हणजे दिवसाला पावणेपाच सेकंद. सर्टिफिकेटच्या हिशोबात हे काहीच नाही. मारतो तो संपलेला सेल.

सर्व्हरचं सर्टिफिकेट फर्मवेअरमध्ये कोंबून ठेवलं असेल तर तेही काढा. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि २०२९ पासून ४७ दिवस ठरली आहे. वावरातल्या यंत्रांना त्या वेगाने अपडेट पाठवणं शक्य नाही. सर्व्हर तुमचाच आहे, तेव्हा स्वतःची खासगी मूळ सीए (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) करा, दीर्घ मुदतीची, आणि यंत्रात दोन मुळं (रूट सर्टिफिकेटं) टाका. दुसऱ्याची चावी पेनड्राइव्हवर कुलपात. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ हे मूळ संपलं तेव्हा नवं मूळ सोबत असूनही ओपनएसएसएल १.०.२ वरची यंत्रं बंद पडली, कारण ती आवृत्ती सर्व्हरने पाठवलेल्या साखळीलाच धरून संपलेल्या मुळापर्यंत जात होती. साखळी जोडण्याच्या कोडात फोर्क जुना राहिला की असं होतं. सीव्हीई नसते, सूचना येत नाही, एका सकाळी सगळं बंद असतं.

अजून एक पॅच असण्याची शक्यता आहे. २.२८.१० आणि ३.६.३ पासून, क्लायंटने, म्हणजे तुमच्या यंत्राने, होस्टनेम (सर्व्हरचं नाव) सेट केलं नसेल तर सर्टिफिकेट तपासणारा हँडशेक (कनेक्शन जुळवणं) मुद्दाम नाकारला जातो. आधी तो गुपचूप चालायचा, आणि विश्वासू सीएने कोणालाही दिलेलं कोणतंही सर्टिफिकेट खपून जायचं. सीव्हीई-२०२५-२७८०९ ते हेच. अपडेट केल्यावर ‘चालत होतं ते बंद पडलं’ असं दिसेल आणि जुनं वागणं परत आणणारा कॉन्फिग पर्यायही हाताशी आहे. तो वापरू नका. तुमच्या कोडात होस्टनेम सेट करणारी एक ओळ नाही, ती टाका.

मेमरीबद्दल थोडक्यात. टीएलएसचा एक रेकॉर्ड कमाल १६,३८४ बाइटांचा. आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन बफर मिळून ३२ केबी एका कनेक्शनला. बाहेरचा बफर २,०४८ किंवा ४,०९६ केला तर काही बिघडत नाही. आतला कमी करायचा तर सर्व्हरने कमाल-तुकडा ही टीएलएसची सोय मान्य केलेली असली पाहिजे, नाहीतर एखादे दिवशी सर्व्हरने मोठा रेकॉर्ड पाठवला की कनेक्शन तुटेल आणि तो दिवस तुम्ही निवडलेला नसेल. हे सगळं कॉन्फिगमध्ये होतं. यासाठी पॅच असेल तर काढा.

गिट, लाईन आणि पेनड्राइव्ह

शाखा तीनच ठेवा. एक मूळ प्रकल्पाची कोरी प्रत, तिच्यात तुमचा एकही कमिट नाही. दुसरी पॅचची थप्पी, जी दर वेळी मूळच्या नव्या टॅगवर (आवृत्तीच्या खुणेवर) रीबेस होते, म्हणजे नव्याने चढवली जाते. तिसरी प्रकाशनाची, तिथे फक्त सही केलेले टॅग. मूळ शाखा तुमच्या शाखेत मर्ज करत राहण्याची पद्धत सोपी वाटते, पण दोन वर्षांनी ‘आपला फरक नक्की किती’ हे विचारलं तर उत्तर देता येत नाही. थप्पी रीबेस केल्यावर गिट रेंज-डिफने जुनी आणि नवी थप्पी पॅचला पॅच ताडून पाहा. रीबेस करताना एखादी ओळ निसटली असेल तर ती इथेच दिसते. एकटी दुरुस्ती उचलायची तर चेरी-पिक एक्स पर्यायासह, म्हणजे मूळ कमिटचा हॅश संदेशात राहतो. रेररे चालू ठेवा, तोच संघर्ष पुन्हा सोडवावा लागत नाही.

उथळ, म्हणजे इतिहास तोडलेला, क्लोन वापरू नका. नेट वाचतं, पण मर्ज-बेस आणि रेंज-डिफ दोन्हींना इतिहास लागतो. एकदा जिथे बरं नेट असेल तिथे, जिल्ह्याच्या ठिकाणी म्हणा, मिरर क्लोन घ्या आणि त्यानंतर गिट बंडलने फक्त नवे कमिट एका फाईलीत बांधून पेनड्राइव्हवर आणा. गावी आल्यावर बंडल व्हेरिफाय करून मगच ओढा. एक खोच: ३.६ मध्ये फ्रेमवर्क नावाचं सबमॉड्यूल (आत जोडलेली वेगळी रेपॉझिटरी) आहे आणि बंडलमध्ये सबमॉड्यूल येत नाही. त्याचं वेगळं बंडल करा, नाहीतर गावी येऊन बिल्ड अडेल.

रीबेस चालू असताना लाईन गेली की गिटच्या वस्तू शून्य बाइटच्या होऊन पडतात. गिट २.३६ पासून कोअर एफसिंक हा पर्याय आहे, तो ‘ऑल’ वर ठेवा. थोडं हळू चालतं, चालू द्या. लाईन आल्यावर पहिलं काम गिट एफएससीके, म्हणजे रेपॉझिटरी शाबूत आहे का ते पाहणं. डेस्कटॉपवर बिल्ड असेल तर इन्व्हर्टरला जोडा आणि सीकॅश लावा, म्हणजे अर्धवट तुटलेलं बिल्ड पुन्हा पहिल्यापासून होत नाही.

मूळचा कोड घेताना टारबॉल (बांधून ठेवलेली एकच फाईल) घेऊ नका, गिटचा टॅग घ्या. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या एक्सझेड या फाईली आवळणाऱ्या साधनाच्या प्रकारात, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये, मागचा दरवाजा उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट टारबॉलमध्येच होती, गिटमध्ये नव्हती. टॅगचा कमिट-हॅश दोघांनी दोन वेगळ्या नेटवरून ताडावा आणि नोंदवहीत लिहावा.

२.२८ मधून ३.६ कडे

एका उडीत जाऊ नका. २.२८ या शाखेत पहिल्यापासून शेवटपर्यंत एपीआय स्थिर ठेवलेला आहे, त्यामुळे २.२८.१० वर येणं एक-दोन दिवसांचं काम, आणि मार्च २०२५ पर्यंतच्या दुरुस्त्या त्यात मिळतात. त्यानंतरच्या मिळत नाहीत. २०२५ च्या मध्यात ३.६.४ सोबत सुरक्षा-दुरुस्त्यांचा बराच मोठा गठ्ठा आला, पेम (चाव्या आणि सर्टिफिकेटं साठवायची) फाईल वाचण्यातल्या चुकीसह, २.२८ ला तो मिळाला नाही. २.२८ वर राहायचं ठरवलंत तर तिथून पुढची प्रत्येक दुरुस्ती तुम्हालाच मागे आणावी लागेल, आणि दोन माणसांना ते जमत नाही. ३.६ ला किमान मार्च २०२७ पर्यंत आधार आहे, म्हणजे तिथे पोचलात तरी पुढची हालचाल लगेच ठरवावी लागेल. पॅच कमी करण्याचा आग्रह त्यासाठीच.

३.० पासून रचनांमधले रकाने खासगी झाले. तुमचा कोड थेट रकाना वाचत असेल तर तो तुटेल. ‘प्रायव्हेट’ मॅक्रो गुंडाळून तो चालवता येतो, पण तो उधारीचा मार्ग आहे. वाचणारी फंक्शनं दिलेली आहेत ती वापरा. कॉन्फिग फाईलचं नाव बदललं. खासगी चावी वाचणाऱ्या फंक्शनला आता यादृच्छिक जनित्र द्यावं लागतं. टीएलएस १.० आणि १.१ गेले, सर्व्हर जुना असेल तर आधी सर्व्हर. ३.६ मध्ये टीएलएस १.३ मुळातच चालू असतं आणि त्याला लागणारं पीएसए क्रिप्टो सुरू करणारं फंक्शन हँडशेकआधी स्वतःच बोलवून ठेवा. ३.६.० मध्ये सर्व्हरने नवं सेशन-तिकीट पाठवलं की वाचणारं फंक्शन शून्याखालचा कोड परत द्यायचं. तो एरर समजून कनेक्शन तोडणारा कोड सर्रास आढळतो. ३.६.१ पासून तो कोड परत देणं मुळात बंद आहे. म्हणून ३.६ च्या सुरुवातीच्या आवृत्त्या सोडून ताज्या आवृत्तीवरच या, आणि पहिल्या फेरीत टीएलएस १.३ बंद ठेवलंत तरी हरकत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

चाचण्या

मूळच्या चाचण्या तुमच्या कॉन्फिगवर चालवा, मूळच्या कॉन्फिगवर नाही. आणि निकालात ‘पास’च्या पुढे कंसात येणारा ‘वगळल्या’चा आकडा पाहा. एखादं मॉड्यूल चुकून बंद झालं की त्याच्या सगळ्या चाचण्या वगळल्या जातात आणि निकाल हिरवाच दिसतो. तो आकडा नोंदवा. मागच्या वेळेपेक्षा वाढला तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नकारात्मक चाचण्या हाताने लिहाव्या लागतात आणि बहुतेक फोर्क इथेच मार खातात. मुदत संपलेलं सर्टिफिकेट, अजून सुरू न झालेलं, दुसऱ्या होस्टनेमचं, अनोळखी सीएचं, सहीतला एक बाइट बदललेलं, आणि मधल्या सर्टिफिकेटला सीए असण्याचा अधिकारच नसलेली साखळी. सहाही नाकारली गेली पाहिजेत आणि योग्य त्याच कारणाने. कारण तपासलं नाही तर ‘मेमरी पुरली नाही’ म्हणून नाकारलेलंही पास ठरतं.

त्यानंतर वायचप्रूफ या क्रिप्टो तपासणाऱ्या प्रकल्पाचे चाचणी-संच. मूळच्या चाचण्यांत न येणारे विचित्र इनपुट त्यात भरपूर आहेत. लॅपटॉपवर ॲड्रेस आणि यूबी सॅनिटायझर (चालताना चुका पकडणारे कंपायलरचे पर्याय) लावून सगळं एकदा, आणि सर्टिफिकेट वाचणाऱ्या कोडावर रात्रभर फझिंग, म्हणजे वेडावाकडा इनपुट देत राहणं. रात्री लाईन टिकली तर. बोर्डावर स्व-चाचणी, आणि २४ तास कनेक्ट-डिसकनेक्ट करून मोकळी मेमरी घसरत नाही ना ते.

स्थिर-वेळ तपासणीसाठी व्हॅलग्राइंड किंवा मेमसॅनने गुप्त बाइट ‘न भरलेले’ म्हणून खुणावण्याची सोय एम्बेड टीएलएसच्या चाचण्यांत आहेच. ती लॅपटॉपच्या कंपायलरवर चालते, बोर्डाच्या नाही, हे विसरू नका. २०२४ मध्ये कायबर या क्रिप्टो पद्धतीच्या संदर्भ-कोडातली मुद्दाम शाखा (‘असं असेल तर’ ही अट) टाळून लिहिलेली ओळ क्लँग कंपायलरने काही ऑप्टिमायझेशन पर्यायांवर पुन्हा शाखेत बदलल्याचं दिसलं. सी मध्ये काही चुकलं नव्हतं. म्हणून टूलचेनची (कंपायलर आणि सोबतच्या साधनांची) आवृत्ती गोठवा आणि ती बदलणं हाही एक पॅच समजून नोंदवा. गुप्त मेमरी साध्या मेमसेटने पुसणारा कोड तुमच्या पॅचमध्ये कुठे असेल तर शोधा. पुढे वापर नाही असं दिसलं की कंपायलर तो मेमसेटच काढून टाकतो. लायब्ररीचं स्वतःचं शून्य करणारं फंक्शन त्यासाठीच आहे. आणि स्वस्त म्हणून कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरच्या बोर्डावर जाणार असाल तर त्याचा ६४-बिटी गुणाकार आकड्यानुसार कमी-जास्त वेळ घेतो, हे आधीच लक्षात घ्या.

प्रकाशन

मूळ प्रकल्पाच्या सूचना आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वाचायच्या, एकाने वाचायच्या आणि दुसऱ्याने ताडायच्या. निकाल तीनपैकी एक: लागू, लागू नाही, कोड आहे पण आपल्या कॉन्फिगमध्ये बंद. तिसऱ्यासमोर कॉन्फिगचं नाव लिहा. उद्या कोणी ते चालू केलं तर कळलं पाहिजे. चूक तुमच्याच पॅचमध्ये असेल तर ती तुमची, तिला सीव्हीई नंबर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेकडून मागता येतो. मूळ कोडात काही सापडलं तर त्यांच्या सुरक्षा-पत्त्यावर खासगीत कळवा, जाहीर इश्यू उघडू नका. संस्था म्हणून नोंदलेले असाल तर घुसखोरीसारखी घटना सहा तासांत सर्ट-इनला कळवणं एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. फोन आणि मेलचा मसुदा आधीच तयार ठेवा.

फर्मवेअरवर सही करणारी चावी रोजच्या लॅपटॉपवर नको. यूएसबी टोकनवर ठेवा, दुसरं टोकन दुसऱ्या माणसाच्या घरी. यंत्रात दोन स्लॉट, नवं फर्मवेअर सर्व्हरशी एकदा टीएलएस जुळवून दाखवेपर्यंत जुनं पुसायचं नाही. पहिली तुकडी मोटरसायकलने तासाभरात पोचता येईल अशाच वावरांतली निवडा. वेळापत्रक हंगाम पाहून: हरभऱ्याला, गव्हाला पाणी चालू असताना मोठं अपडेट पाठवू नका, मृगाच्या आधी मे महिन्यात पाठवा. गंभीर सुरक्षा-दुरुस्ती याला अपवाद, पण तीही एकटी पाठवायची, सोबत आठ नव्या सोयी नाहीत.

नावाबद्दल. २.२८.१० आणि ३.६ चा परवाना अपाची २.० किंवा जीपीएल २ वा त्यापुढचा, जो निवडाल तो. अपाची निवडला तर बदललेल्या प्रत्येक फाईलीत ‘ही बदललेली आहे’ असं ठळक लिहावं लागतं आणि परवान्याची प्रत सोबत द्यावी लागते. नाव बदलण्याची सक्ती परवान्यात नाही. पण मूळ प्रकल्पाचं नाव आणि चिन्ह आपल्या मालावर छापायचा हक्कही तो देत नाही. तेव्हा पेटीवर आणि माहितीपत्रकात आपलं नाव, आणि ‘एम्बेड टीएलएसवर आधारित’ एवढी एक ओळ. कोडात फंक्शनांची नावं बदलू नका, पुढचं प्रत्येक रीबेस त्यात अडकेल. अपवाद एकच: एकाच बिल्डमध्ये एसडीकेची प्रतही जोडली जात असेल तर दोन्हींची सारखी नावं आपसांत भिडतात आणि लिंकर कोणती उचलेल ते सांगता येत नाही, तिथे उपसर्ग लावण्यापेक्षा दोहोंपैकी एक प्रत काढा. लायब्ररीचा आवृत्ती-आकडा मूळचाच राहू द्या, कारण तो पाहून कोडात अटी घातलेल्या असतात. तुमच्या थप्पीचा क्रमांक वेगळ्या मॅक्रोत ठेवा आणि बूटच्या पहिल्या ओळीत मूळ टॅग, थप्पीचा क्रमांक आणि कमिट-हॅश तिन्ही छापा. वावरात स्टार्टर उघडून बसलेल्या माणसाला फोनवर तीच ओळ वाचायला सांगता येईल.